दंडावरचा पट्टा

डोणेवाडीच्या यात्रा कमिटीची चार माणसं मानाचा नारळ घेऊन अंगणात आली आणि ओसरीवर शेंगा फोडत बसलेले हिंदुराव खराडे ताडकन उठले. मांडीवरचं सूप कलंडलं, शेंगा अंगणभर झाल्या. "अवो, दमानं!" म्हणून इंदूबाई आतून ओरडल्या, पण ऐकतो कोण? हिंदुरावांनी नारळ कपाळाला लावला, छाती फुगवली, डाव्या दंडावर शड्डू ठोकला आणि गर्जना केली, "हिंदुराव आला म्हणून समजा! छापा पोस्टर!"

कमिटीच्या अध्यक्षांनी चहाचा कप तोंडाला लावला न लावला, तोच हिंदुरावांच्या दंडावरचा पट्टा किंचाळायला लागला.

"आण्णा, ह्ये काय वाजतंय?" अध्यक्ष दचकले.

"माजी हलगी," हिंदुराव म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा पडला.

त्यांची मुलगी वैजयंता फोन घेऊन बाहेर आली. पट्ट्यावरचा आकडा तिला फोनवर दिसत असे. एरवी चाळीसच्या आसपास घुटमळणारा आकडा तीनशेच्या वर गेला होता. तिनं वडिलांच्या हातून नारळ काढून घेतला आणि अध्यक्षांच्या हातात ठेवला. "काका, राग मानू नका. यंदा आण्णांना जमणार नाही."

मानाचा नारळ त्या दारातून परत गेला, असं आजवर कधी झालं नव्हतं. हिंदुराव खाली बसून एकेक शेंग वेचायला लागले.

हिंदुराव म्हणजे कुस्ती मैदानाचे निवेदक. तरुणपणी लाल मातीत लोळलेले. गुडघा गेला आणि माइक हातात आला. पैलवान काय, चार वर्षं गाजतो आणि मावळतो. निवेदकाचा आवाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या कानात राहतो. मैदानाबाहेर बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यालाही कुस्ती दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. डाव पडायच्या आधी त्यांच्या तोंडून निघायचा. सांगली-कोल्हापूरकडचे लोक म्हणायचे, हिंदुरावांशिवाय मैदान म्हणजे मिठाशिवाय आमटी.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसला. बोलून बोलून जन्म काढलेल्या माणसाला दोन शब्दांपुरता श्वास मिळेना. मिरजेच्या डॉ. शिरगावकरांनी मोठ्या शर्थीनं वाचवलं, आणि घरी सोडताना डाव्या दंडावर हा पट्टा बांधला. पट्टा वैजयंताच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. तीन वर्षं ती त्यावर राबली होती. बापाच्या दंडावर तो बांधताना तिला केवढा अभिमान वाटला होता!

पट्ट्याची करामत समजून घ्यायची तर आधी गुठळीची गोष्ट समजून घ्यायला हवी. प्लेटलेट्स सगळ्यांना ठाऊक आहेत. डेंग्यू झाला की घराघरांत त्यांचे आकडे विचारले जातात. पण या प्लेटलेट्स बिथरल्या की स्वतःच्या अंगाचे बारीक बारीक तुकडे झाडतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही धड दिसू नयेत इतके ते बारीक. दिसायला कचरा, पण करणी मोठी. गुठळी बांधणारी प्रथिनं रक्तात सुटी-सुटी फिरत असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना बसायला पार मिळाला की मात्र गावातल्या रिकामटेकड्यांसारखी ती एकत्र जमतात आणि बघता बघता भानगड उभी करतात. प्लेटलेटचा प्रत्येक कण म्हणजे असा एक फिरता पार. कण वाढले की पार वाढले. पार वाढले की थ्रॉम्बिन नावाचं द्रव्य धडाधड तयार होतं, आणि ते रक्तात जाळं विणून गुठळी बांधतं.

यावर औषध आहे. लोक त्याला रक्त पातळ करणारं औषध म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही. औषध त्या जमणाऱ्या प्रथिनांपैकी एखाद्याचे हात बांधून ठेवतं, एवढंच. पण शांत रक्ताला पुरणारी मात्रा कणांनी भरलेल्या रक्ताला कमी पडते. म्हणून पट्ट्याला एक केसाएवढी सुई होती. ती रक्ताचा थेंब एका चिमुकल्या कुपीत ओढी. पट्टा त्यातले कण मोजी, आणि आकडा चढला की आपल्याच पोटातल्या पंपानं औषधाची जादा मात्रा अंगात सोडी. माणसानं गोळी विसरायचा प्रश्नच नाही. पट्टा विसरत नाही.

विसरत नाही, हाच पुढं ताप झाला. कुस्तीचा विषय निघाला की हिंदुरावांचा आकडा उसळायचा. फोनवर मैदान बघितलं, उसळला. जुना जोडीदार भेटायला आला, उसळला. डॉ. शिरगावकरांनी नोंदी बघितल्या आणि निदान केलं: कुस्ती बंद. मग काय, घराचं देऊळ झालं. इंदूबाईंनी भिंतीवरचे फेट्यातले फोटो उतरवले. नातेवाइकांना आधीच फोन जायचा, "पावसापाण्याचं बोला, पिकाचं बोला, पर तालमीचं नाव काढू नगा." माणूस जिवंत होता, शून्यात बघत बसलेला.

गंमत म्हणजे बाकी कशानंच आकडा हलत नसे. एकदा शेजारच्या भीमरावांशी गटारावरून अशी जुंपली की हिंदुरावांचा आवाज वेशीपर्यंत गेला. इंदूबाई पट्टा वाजायची वाट बघत दारात उभ्या. पट्टा ढिम्म. आकडा चाळीस. डॉ. शिरगावकर हसून म्हणाले होते, "कणांनाही कुस्तीचाच नाद दिसतो!" सगळेच हसले होते.

आता हसू येत नव्हतं. महिन्या-महिन्यानं औषध वाढत गेलं होतं. हिंदुरावांच्या हिरड्यांतून रक्त येई. अंगावर निळे डाग पडत. गेल्या आठवड्यात नाकातून आलेलं रक्त थांबता थांबेना. डॉक्टर म्हणाले, "वैजयंता, मी कात्रीत सापडलोय. औषध कमी केलं तर गुठळीची भीती, वाढवलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती. आणि हा आकडा बघून मी कमी कुठल्या तोंडानं करू?"

यावर वैजयंतापाशी एक तोड होती. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. ते नुसते कण मोजत नसे. रोग्याचं रक्त घेऊन, त्याच्याच कणांसकट, त्यात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घालून थ्रॉम्बिन किती आणि किती वेगानं तयार होतं, ते बघत असे. पडद्यावर डोंगर उमटे. डोंगर उंच तर धोका, टेकडी तर औषध लागू, सपाट माळ तर औषध जास्त. कुठल्या माणसाला कुठलं औषध किती, याचं उत्तर डोळ्यांसमोर!

फक्त अडचण अशी, की रक्त आकडा चढलेला असताना घ्यायला हवं. आणि हिंदुराव इस्पितळात पाऊल टाकलं की कीर्तनाला बसल्यासारखे गप्प. हात जोडून बसायचे, आकडा चाळीस.

"आण्णा, तुम्हाला खवळवायला पाहिजे," वैजयंता म्हणाली, आणि तिनं जुन्या कुस्तीचा व्हिडिओ लावला.

"शिळ्या कढीला ऊत आणतीस व्हय?" हिंदुराव म्हणाले. "ह्याचा निकाल मला म्हाईत हाय. पोरी, मैदानात चल. माज्या हातात माइक दे, मग घे किती रक्त घ्यायचं ते."

त्या संध्याकाळी घरात मोठं रण माजलं. इंदूबाई कधी नव्हे त्या तोंडावर बोलल्या. "मला नवरा पायजे, निवेदक नगं! तिथं मैदानात काय झालं म्हंजे? तुला शिकवलं ते बापाला मारायला का गं?"

 हिंदुरावच बोलले, अगदी हळू आवाजात. "इंदू, तू मला वरीसभर जित्ता ठिवलास. तुजं उपकार हायतच. पर मी बोलल्याबिगर कसा ऱ्हातोय, ह्ये माजं मला ठावं. रोज सकाळी उठून वाटतं, आज कशाला उठलो?"

इंदूबाई पदरात तोंड घालून आत गेल्या. परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात ट्रंकेतला गुलाबी फेटा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता. तो त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "जसा नेतीयास तसा आण."

दुसऱ्या दिवशी वैजयंता स्वतः डोणेवाडीला जाऊन नारळ मागून घेऊन आली. डॉ. शिरगावकरांनी कुरकुरत परवानगी दिली: एकच कुस्ती, त्या दिवसाची शेवटची, आणि रुग्णवाहिका मैदानाला टेकून.

मैदान माणसांनी फुललं होतं. टेकडीच्या उतारावर, झाडांवर, ट्रॅक्टरच्या टपावर, जिथं बूड टेकेल तिथं माणूस. वर चित्रीकरणाचे ड्रोन घुं घुं करत होते आणि खाली हलगी कडाडत होती. वैजयंतानं निवेदकाच्या मंचाखाली टेबल मांडलं, प्रयोगशाळेतून आणलेलं नवं यंत्र चालू केलं आणि हिंदुरावांच्या उजव्या हाताच्या शिरेत बारीक नळी बसवून ती चिकटपट्टीनं घट्ट केली. डाव्या दंडावर पट्टा होताच. बोलायच्या आधीचं पहिलं रक्त काढलं. रक्ताची काचनळी दोन्ही हातांत धरून ती टेबलाकडे निघाली, भरल्या गर्दीतून पेटतं निरांजन न्यावं तशी. रक्त हिंदकळू द्यायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. हिंदकळलं की नळीतल्या नळीत प्लेटलेट्स फुटतात, नसलेले कण दिसायला लागतात आणि सगळी मोजणी खोटी ठरते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची.

पहिला डोंगर उमटलाच नाही, सपाट माळ. आकडा चाळीस. ठीक.

मग अध्यक्षांनी माइक हिंदुरावांच्या डाव्या हातात दिला. वर्षभरानं. त्यांनी तो दोन वेळा फुंकला आणि समोर पसरलेल्या माणसांकडे बघितलं. 

"राम राम मंडळी," ते म्हणाले. "मी मेलो न्हवतो. घरात गप बसलो हुतो. म्हंजे मेलोच हुतो."

असा काही गजर उठला, की वैजयंताच्या अंगावर काटा आला. तिनं बापाला आजवर मैदानात ऐकलंच नव्हतं. बायका कुस्तीला जात नसत, आणि पुढं ती शिकायला बाहेर पडली. आता तिला कळलं, की आपण घरात कुणाला कोंडून ठेवलं होतं.

"ह्यो इसाक मुलाणी, आपल्या डोणेवाडीचा ढाण्या वाघ! आन् त्यो विक्रांत घोडके, सोलापुराकडचं वादळ! सलामी झाली... हात लागलं... घोडकेनं मानंवर कब्जा घेतलाय, बगा, बगा, मान न्हाय ती, ऊस पिळायचा चरक हाय! इसाक खाली बसला. आता घिस्सा डाव! घिस्सा लागतोय... सुटला! पोरगं मासोळीगत हातातनं सुटलं! आरं टाळ्या वाजवा की, हात काय घरी ठिवून आलाय?"

लोक वेडे झाले. वैजयंताही टेबल सोडून दोन पावलं पुढं गेली होती. तेवढ्यात तिच्या फोनवर आकडा चढला. एकशे दहा. दोनशे. तीनशे चाळीस. दंडावरचा पट्टा किंचाळला. हलगीत कुणाला ऐकू गेला नाही. हिंदुरावांच्या नाकातून रक्ताची रेघ ओठावर आली होती. ती त्यांनी मनगटानं पुसली आणि बोलत राहिले.

पैलवान मातीनं अंग पुसायला थांबले, हलगी घुमायला लागली. वैजयंता मंचावर धावली, उजव्या हातातून दुसरं रक्त काढलं आणि पुन्हा ते निरांजन घेऊन खाली आली.  फोनवर सूचना आली: जादा मात्रेची तयारी सुरू. अजून थोडा वेळ, आणि पंप औषध सोडणार.

पडद्यावर रेघ सरकायला लागली. आता डोंगर उमटणार, हिमालयाएवढा!

माळ. सपाट माळ. उलट यंत्र सांगत होतं, की याच रक्तात औषध आताच गरजेच्या दुप्पट आहे. अर्ध्यावर आणलं तरी पुरेल.

वैजयंता बघत राहिली. एकाच माणसाचं, एकाच क्षणाचं रक्त. डाव्या दंडात कणांचा पूर, उजव्या हातात टिपूस नाही. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. पट्टा खरा असेल आणि तिनं पंप थांबवला, तर बाप बोलता बोलता मंचावर कोसळेल. यंत्र खरं असेल आणि पंप चालू राहिला, तर नाकातलं रक्त डोक्यात व्हायला वेळ लागणार नाही. आईचे शब्द तिच्या कानात घण घालत होते. जसा नेतीयास तसा आण.

"कुस्ती पुन्हा सुरू! इसाकनं मांडी थोपटली!" वरून आवाज आला आणि पाठोपाठ माइकमधून फाट्‌कन आवाज झाला.

वैजयंतानं वर बघितलं. हिंदुरावांचा उजवा तळवा वाटीसारखा होऊन डाव्या दंडावर आदळला होता. पुन्हा आदळला. "आन् घोडकेनं शड्डू ठोकला!" फाट्! पैलवानानं ठोकला की निवेदकानं ठोकायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची खोड. मैदानात, ओसरीवर, फोनवर कुस्ती बघताना. कमिटीचा नारळ घेताना! घरातल्या माणसाचं रोजचं वागणं कोण बघतं? आणि तळवा पडत होता तो नेमका पट्ट्यावर, ज्याच्या आत रक्ताचा एक थेंब कुपीत बसला होता.

भीमरावांशी गटारावरून भांडताना कोण शड्डू ठोकतो?

"अगं बाई!" वैजयंता मोठ्यानं ओरडली. दोन्ही हातांत जपून रक्त नेणारी आपण, आणि आपल्याच पट्ट्यातलं रक्त वर्षभर बाप धोपटत होता!

पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. बापाचा जीव ती वाटण्यावर सोडणार नव्हती. तिनं पेटीतला जादा पट्टा काढला, त्यातली औषधाची डबी उपसून बाजूला ठेवली आणि तो स्वतःच्या डाव्या दंडावर आवळला. सुई टोचली. काळीज तर असं धडधडत होतं, की उत्तेजनानं कण वाढत असते तर तिचे आता वाढायलाच हवे होते. आकडा आला. पस्तीस.

तिनं उजव्या हाताची वाटी केली. लहानपणी तालमीच्या दारातून चोरून बघितलं होतं, तेवढंच शिक्षण. डोळे मिटले आणि सगळ्या ताकदीनं दंडावर ठोकली. एकदा. दोनदा. तीनदा.

पुढच्या रांगेतले लोक वळले. हजारो माणसांच्या मैदानात, पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई उभी राहून शड्डू ठोकतेय! कुणी तरी शिट्टी मारली. आखाड्यातला घोडकेसुद्धा क्षणभर मान वळवून बघायला लागला. आणि वरून कर्ण्यातून हिंदुरावांचा आवाज फुटला, "मंडळी, तिकडं बगा! माज्या लेकीनं शड्डू ठोकलाय! हाय का कोन जोड?"

मैदान हसून आडवं झालं. वैजयंता हसत नव्हती. ती श्वास रोखून फोन बघत होती.

पस्तीस. पस्तीस. एकशे साठ. दोनशे नव्वद. तीनशे सत्तर!

ती मंचाच्या पायऱ्या तीन-तीन करत चढली. पंप सुरू व्हायची शेवटची सूचना फोनवर लुकलुकत होती. तिनं बापाचा दंड धरला, पट्ट्याची कडी दाबली आणि औषधाची डबी उपटून काढली. मग पट्टाच सोडवला. खाली, जिथं तो वर्षभर बसला होता, तिथं कातडी जांभळीनिळी झाली होती. दंडावरचा तो गोल निळा डाग बघून तिला रडू आलं. रडता रडता हसूही आलं.

"काय झालं गं?" हिंदुरावांनी माइक झाकून विचारलं. "जातोय का ऱ्हातोय?"

"राहताय आण्णा. रक्त तुमचं सोन्यासारखं आहे. तुम्हीच ते बडवत होता." तिनं त्यांच्या नाकात कापसाचा बोळा बसवला. "औषध घ्यायचं, पण निम्मं. गोळीनं. बोला आता. पोटभर बोला. फक्त त्या निळ्या दंडावर पुन्हा हात मारू नका."

हिंदुरावांनी दंडाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असेल असं नाही. पण एवढं कळलं, की माइक खाली ठेवायचा नाही.

पट्टा काढला की इस्पितळात इशारा जातो. वैजयंता खाली येईपर्यंत फोन वाजलाच. डॉ. शिरगावकरांचा आवाज चिरकला होता. "काय केलंस हे? आकडा तीनशेवर होता! रुग्णवाहिका काढ आधी!"

तिनं सांगितलं. उजवा हात, डावा दंड, सपाट माळ, तिचा स्वतःचा शड्डू. एका दमात सांगितलं.  मग डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "वैजयंता... तासगावच्या त्या लोहारालाही आपण पट्टा बांधलाय. त्याचा आकडा सारखा चढा असतो."

"घण, सर. हाताचा हिसका दंडापर्यंत जातो."

"आणि त्या नदीकाठच्या बायका? ज्यांचं रक्तच वाईट म्हणून आपण सगळ्यांची मात्रा वाढवली?"

"धुणं आपटतात, सर. दगडावर."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठून उभे राहिले असावेत. "आज सगळ्यांना फोन करतो. एकूणएक. पट्ट्याची कुपी बदलायची, आतून गादी बसवायची, हिसका बसला की तो थेंब टाकून द्यायचा. करता येईल की नाही?"

"महिन्याभरात करून दाखवते!" वैजयंता म्हणाली. तिचा आवाज नकळत बापासारखा चढला होता.

"बरं, पण ते राहू दे. पट्टा तर काढलास. मग आत्ता त्यांची तब्येत कशी आहे, ते आपल्याला कळणार कसं?"

 हात उंच करून वैजयंतानं फोन कर्ण्याच्या दिशेनं धरला.

"...ढाक! ढाक लागली मंडळी! घोडके हवेत गेला, आभाळ बगितलं, पाठ मातीला लागतीया... लागतीया... आरं लागली का न्हाय? पंच खाली वाकलं... आवाज का बंद झाला तुमचा? श्वास घ्या की! मी घेतोय, तुमाला काय झालं?..."

आणि कर्ण्यातला तो आवाज हजारो माणसांच्या आरोळीत बुडून गेला. हलगी, शिट्ट्या, फेटे, सगळं एकदम उडालं. बऱ्याच वेळानं वैजयंतानं फोन कानाला लावला. डॉक्टर अजून लाइनवर होते.

"वैजयंता," त्यांनी घाईघाईनं विचारलं, "जिंकलं कोण?"